दाढेचा खड्डा आणि दाजींचं शहाळं

ज्यांची अक्कलदाढ काढायची आहे आणि ज्यांची काढून झाली आहे, अशा दोघांसाठी मी हे लिहितोय. थोडंसं, म्हणजे खरं सांगायचं तर बरंचसं, माझ्या दाजींसाठीही लिहितोय. दाजी स्वतः काही वाचत नाहीत. पण त्यांना हे कुणीतरी वाचून दाखवेल याची मला खात्री आहे. आमच्या भावकीत अशी कामं लोक आवडीनं करतात.

मी बारामतीजवळच्या कन्हेरीचा. ऊस आहे, दोन गाई आहेत. पण लोक मला ओळखतात ते माईकमुळे. लग्नात "अमुक अमुक यांचं वधूपित्याच्या वतीनं सहर्ष स्वागत" असं जो माणूस तासन्‌तास म्हणत असतो, तो मी. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत कुणाचा मान कुठं, कुणाच्या आधी कुणाचं नाव घ्यायचं, कुणाचं नाव राहिलं तर कोण जेवण सोडून उठेल, हे सगळं मला तोंडपाठ असतं. माझं सगळं पोट, म्हणजे उसाचं बिल सोडून उरलेलं, या तोंडावर चालतं.

आणि याच तोंडाला कुलूप लागलं.

निदानाचा दिवस

भिगवणला एक साखरपुडा होता. सरपंचांचं नाव घेताना डाव्या जबड्यात कळ आली आणि "सरपंच" ऐवजी तोंडातून भलतंच काहीतरी बाहेर पडलं. लोक हसले. सरपंच हसले नाहीत. घरी येईपर्यंत गाल असा फुगला की बायको, सुनंदा, म्हणाली, "अवो, कुणाशी भांडून आलाय का?"

बारामतीच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला आणि मला स्क्रीनवर दाखवला. बाकीचे दात शहाण्यासारखे उभे होते. शेवटची दाढ मात्र, सरीत उसाची कांडी लावतात ना, तशी आडवी पडली होती, आणि डोकं पुढच्या दाढेत खुपसून बसली होती.

"ही काढावी लागेल. वयाच्या मानानं थोडा त्रास होईल. हिरडी उघडून, हाड थोडं घासून काढणार," बाई म्हणाल्या.

मी पहिला प्रश्न विचारला तो दुखण्याचा नव्हे. "बोलायला कधी येईल?"

"काळजी घेतलीत तर लवकर. का, घाई आहे?"

होती. माझ्या भाचीचं, आरतीचं, लग्न दिवाळीनंतर ठरलं होतं. आरती म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, मुलगी. निमगाव केतकीची. ती एवढीशी होती तेव्हापासून मी लग्नांना जायला निघालो की माझ्या मोटरसायकलच्या टाकीवर बसून म्हणायची, "मामा, माझ्या लग्नात तूच बोलायचं." आमच्याकडं वधूला मांडवात आणायचा मान मामाचा. आणि निवेदकही मीच. म्हणजे मीच मला बोलावणार आणि मीच येणार. त्या वेळी काय म्हणायचं ते मी कितीतरी वर्षं घडवत होतो. गाईंची धार काढताना म्हणून बघायचो. ते असं होतं: "आजवर लोकांच्या भाच्यांना बोलावलं. आज माझी भाची आणायला मी स्वतः खाली उतरतोय. वाट द्या."

बस्स, एवढंच. पण त्या "वाट द्या"वर अख्खा मांडव उठून उभा राहिला असता, हे मला माईकची जाण असल्यामुळे ठाऊक होतं.

खड्डा

दाढ काढतानाचं वर्णन मी करणार नाही. जबडा बधिर असतो, दुखत नाही, फक्त आवाज ऐकू येतात. त्या आवाजांची भीती वाटते हे मान्य करायला लाजू नका. मी खुर्चीचा हात असा धरला होता की बाईंच्या मदतनीस म्हणाल्या, "काका, खुर्ची सोडा, ती कुठं जात नाही."

शेवटी टाके घालून बाईंनी कापसाचा बोळा दाबून धरायला दिला आणि महत्त्वाचं ते सांगितलं. सुनंदा तेव्हा खाली औषधं आणायला गेली होती, त्यामुळे ऐकणारा मी एकटाच होतो. बाई म्हणाल्या, दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती गुठळी म्हणजेच औषध. तिच्यावरच नवी हिरडी भरून येते. ती निघाली की आतलं हाड उघडं पडतं. म्हणून थुंकायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, गरम प्यायचं नाही, आणि नळीनं काहीही ओढून प्यायचं नाही. ओढलं की गुठळी सुटते.

मी मान डोलावली. तोंडात बोळा होता.

दाजी भेटायला येतात

आमच्याकडं आजारी माणसाला गप पडू देत नाहीत. दुपारपासून लोक भेटायला सुरू झाले. अक्कलदाढ काढली म्हणजे आता अक्कल गेली, हा विनोद आलेल्या प्रत्येकानं केला, आणि प्रत्येकाला तो आपल्यालाच सुचला असं वाटत होतं. मी हात जोडत होतो.

संध्याकाळी दाजी आले. दाजी म्हणजे अक्काचे मालक, आरतीचे वडील. गावच्या सोसायटीत बसून बसून त्यांची अशी समजूत झाली आहे की पाऊस कधी पडावा हेसुद्धा त्यांना विचारायला हवं. पण जावई माणूस. आमच्या घरात दाजींच्या शब्दाला कुणी आडवं गेलेलं नाही. माझे वडील गेले नाहीत, मी काय जाणार.

पिशवीतून त्यांनी मोठं शहाळं काढलं. कोयत्यानं स्वतः सोललं. भोक पाडलं, नळी खोचली आणि माझ्या तोंडापुढं धरलं.

"घ्या संपतराव. दाढंवर ह्याच्यासारकं औषध न्हाय."

मी हातानं नको म्हटलं. नळीकडं बोट दाखवलं. मान हलवली.

"लाजताय व्हय? अवो, घरचंच हाय."

इथं माझा घात झाला. आमच्याकडं पहिल्यांदा "नको" म्हणणं म्हणजे शिष्टाचार. दुसऱ्यांदा नको म्हणणं म्हणजे अजून थोडा आग्रह करा. बोलता येत असतं तर मी चार वाक्यांत दाजींना त्यांच्या सोसायटीपर्यंत पोचवलं असतं. पण तोंडात बोळा, जीभ अजून जड आणि हातात नुसत्या खुणा. आणि खुणेनं केलेलं "नको" हे सगळ्यात गोड नको असतं. मी जेवढे हात हलवले तेवढा दाजींचा आग्रह वाढला.

"जावयाच्या हातचं नाकारता?"

सुनंदा दारातून "घ्या की" अशा अर्थानं डोळे मोठे करून बघत होती. ओसरीवर सगळे बघत होते. मी बोळा काढला आणि नळी तोंडात धरली. म्हटलं, एक घोट घेतो.

"एका घोटानं काय हुतंय? तळातलं ओढा, तळातलं खरं औषध असतंय."

मी ओढलं. तळापर्यंत. शेवटी तो घर्र आवाज येईपर्यंत ओढलं. तोंडात एकदम कोमट, खारट काहीतरी आलं. ते मी गिळलं, कारण थुंकायचं नव्हतं. दाजी समाधानानं म्हणाले, "आता बघा, सकाळी ठणठणीत."

सकाळी

ठणठणीत नव्हतो. तिसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं त्याला दुखणं हा शब्द फार सभ्य आहे. कळ दाढेतून कानात जायची, कानातून डोक्यात, आणि परत येताना डोळ्यातून पाणी घेऊन यायची. तोंडाला असा वास सुटला की गाय मान फिरवायला लागली.

बाईंनी आरशानं पाहिलं. "गुठळी नाही. याला ड्राय सॉकेट म्हणतात. हाड उघडं पडलंय. काही ओढून प्यायलात का?"

मी सुनंदाकडं पाहिलं. सुनंदानं छताकडं पाहिलं.

बाईंनी खड्डा धुऊन लवंगेच्या वासाची पट्टी आत भरली. त्या पट्टीनं जो आराम मिळाला, तसा मला कुठल्या देवळात मिळालेला नाही. पण तो टिकला नाही. आत पू झाला, टाके परत उघडले, परत घातले. आणि या सगळ्यात जबडा आवळत गेला. हिरडी भरून आली खरी, पण सरळ भरली नाही. जखमेच्या जागी पाठीमागं एक कडक वळ धरला. तोंड उघडायला गेलं की तो वळ आतून लगाम खेचल्यासारखा खेचायचा.

"उघडा," बाई म्हणायच्या.

"उघदलंय," मी म्हणायचो.

नीट उघडलेल्या तोंडात आपलीच तीन बोटं उभी बसली पाहिजेत. माझ्या तोंडात एक बसत होतं, तेही करंगळी.

घर

आजारी माणसाचं सगळ्यांना दिसतं, त्याच्याबरोबर राहणाऱ्याचं कुणाला दिसत नाही. सुनंदा हुलग्याचं माडगं करून, गाळून, थंड करून द्यायची. दहीभात इतका मऊ कालवायची की चमच्यातून गळायचा. आणि मी ताट सरकवून द्यायचो. बोलता येत नव्हतं म्हणून भांडी आपटायचो. एकदा तिनं माझ्यापुढं वाटी ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "तुमी बोलत व्हता तवा बरं व्हतं आसं म्या कदी म्हनन, आसं वाटलं न्हवतं."

मी हसायला गेलो तर वळ खेचला आणि डोळ्यात पाणी आलं. तिला वाटलं मी रडतोय. नंतर मला स्वतःलाच कळेना की मी नक्की काय करतोय. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. आजारपणात असे दोन-चार क्षण मिळतात, तेवढे जपून ठेवा.

दाजींना काही बोलायचं नाही असं तिनंच मला बजावलं. "अक्काचं घर हाय ते. आरतीचं लगीन तोंडावर आलंय."

म्हणून दाजींना कुणी काही सांगितलं नाही.

लग्न

दाजींनी भिगवणचा निवेदक ठरवला. ठरवावाच लागला, ते मला समजत होतं. पण जे मला समजत नव्हतं ते मांडवात माझ्या कानावर पडलं. दाजी पाहुण्यांना सांगत होते, "मेव्हण्याला बोलायला काय धाड भरलीय? दाढंचं निमित्त हाय नुसतं. त्याला मान पायजे हुता. पाय धरायला पायजे हुतं आमी."

मी मागंच उभा होतो. माझ्याकडं उत्तर तयार होतं. एका करंगळीएवढ्या फटीतून ते बाहेर पडलं नाही.

खोलीत आरती नटून बसली होती. मला बघून उठली आणि हळूच म्हणाली, "मामा, एकदाच बोल की. माईक द्या म्हनते त्यांना. हळू बोल, चालंल."

मी तोंड उघडून दाखवलं. तिनं आत पाहिलं आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. मुंडावळ्या माझ्या शर्टाला अडकल्या.

बाहेर भिगवणकर ओरडले, "वधूच्या मामांना नम्र विनंती, त्यांनी वधूला घेऊन मांडवात यावे!" गोड, सपाट, दुकानातल्या घोषणेसारखं. कुणी उठून उभं राहिलं नाही. मी आरतीचा हात धरून लोकांच्या खुर्च्यांमधून वाट काढत तिला नेलं. "वाट द्या" म्हणायलासुद्धा मला तोंड नव्हतं.

त्या दिवशी बोहल्यावर तिच्या पाठीशी उभा राहून, डोक्यावर अक्षता पडत असताना, मी ठरवलं की दाजींना सोडायचं नाही. मंगल प्रसंगी असा विचार करू नये म्हणतात. मी केला.

सुडाचा व्यायाम

आता तुमच्या कामाचं. जबडा आवळला असेल तर आईस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा गठ्ठा करून दातांमध्ये धरायचा, आणि सवय झाली की आणखी एक काडी आत सरकवायची. कोमट मिठाच्या पाण्यानं हळू गुळण्या करायच्या. बोटानं तो वळ चोळायचा. बाईंनी सांगितल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका. हे कंटाळवाणं काम आहे आणि दुखतं. बरेच जण ते अर्ध्यात सोडतात.

मी सोडलं नाही, कारण माझी प्रत्येक काडी दाजींच्या नावाची होती. ही काडी "लाजताय व्हय"साठी. ही "तळातलं ओढा"साठी. ही "दाढंचं निमित्त"साठी. गाईंपुढं उभा राहून मी दाजींचं स्वागत करायचा सराव करायचो, आणि त्या स्वागतात त्यांच्या पूर्वजांनाही मान द्यायचो. राग वाईट असतो असं लोक म्हणतात, पण माझं तोंड रागानंच उघडलं. तुमच्याकडं कुणी दाजी असतील तर त्यांचा असा उपयोग करून घ्या.

उन्हाळा संपता संपता तीन बोटं बसली. वळ अजून आहे. जिभेला रोज लागतो. जीभ दिवसातून दहादा तिथं जाऊन बघून येते, शेताच्या बांधावर चक्कर मारावी तशी.

आणि मग एक दिवस अक्काचा फोन आला. "संपा, ह्यांची दाढ काढलीया. तुज्याच बाईंकडं. लई घाबरल्यात, ये की."

मी फोन ठेवला आणि सुनंदाला म्हटलं, "साडी बदल." माझा चेहरा बघून ती म्हणाली, "अवो, आसं हसू नका. दाढ काडलीया मानसाची."

मी भेटायला जातो

वाटेत शहाळं घेतलं. सगळ्यात मोठं. गाडीवाला फोडून देत होता. म्हटलं, नको, तिथं नेऊनच फोडणार. नळी मात्र आठवणीनं घेतली.

दाजी पलंगावर टेकून बसले होते. गाल फुगलेला, तोंडात बोळा, डोळे केविलवाणे. भोवती भावकी भरली होती. आरतीही माहेरी आली होती. अक्कल गेल्याचा विनोद चालू होता.

मी कोयता मागितला. सगळ्यांच्या देखत शहाळं सोललं, भोक पाडलं, नळी खोचली, आणि दाजींच्या तोंडापुढं धरलं.

"घ्या दाजी. दाढंवर ह्याच्यासारकं औषध न्हाय."

दाजींनी हात हलवला. नको.

"लाजताय व्हय?"

मान हलवली. नळीकडं बोट दाखवलं. म्हणजे बाईंनी त्यांनाही सांगितलं होतं.

"मेव्हण्याच्या हातचं नाकारता?"

सगळे बघत होते. अक्का म्हणाली, "घ्या की वो, एवढं प्रेमानं आणलंय." दाजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता, संशय नव्हता. नुसती भीती होती, आणि ती मला ओळखीची होती. त्यांनी बोळा काढला. नळी ओठात धरली.

इतके महिने मी याच क्षणाची वाट बघितली होती. नुसतं गप उभं राहायचं होतं. कुणाला कधी कळलं नसतं.

पण दोन गोष्टी एकदम डोक्यात आल्या. एक म्हणजे, हा माणूस महिनाभर कण्हणार, भांडी आपटणार, आणि सोसणार माझी अक्का. दुसरी गोष्ट जास्त खरी आहे. दाजींना कळलंच नसतं की त्यांना कुणी मारलं. असा मुका सूड घेऊन मी काय करू? मुका मी कितीतरी महिने होतो की.

मी शहाळं त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं. नळीसकट.

आणि उभा राहिलो. माईक नव्हता, लागलाही नाही. तोंड पूर्ण उघडलं, वळ ताणला, ताणू दिला.

"निमगाव केतकीच्या या घरात जमलेल्या समस्त भावकीचं सहर्ष स्वागत! आजचे सत्कारमूर्ती, आमचे दाजी. दाढ काढलेल्या माणसानं नळीनं ओढलं की जखम उघडी पडती, हे यांना बाईंनी सांगितलंय. मलाही सांगितलं हुतं. मी हातानं नको नको म्हणत हुतो, तरी यांनी मला पाजलं. तळापर्यंत पाजलं. त्यापायी माझा जबडा बसला, आणि वर यांनी भर मांडवात सांगितलं की मेव्हण्याला मान पायजे हुता. आता दाजी, काय बोलायचं आसंल तर बोला. मी ऐकतोय."

दाजींनी तोंड उघडलं. घाईघाईनं बोळा परत कोंबला. त्यांना बोलायचं नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं, आणि यातला फरक कुणालाच कळणार नव्हता. त्यांनी हात जोडले. कदाचित माफी असेल, कदाचित "बास करा" असेल. मी विचारलं नाही. माझ्याही हलवलेल्या हातांचा अर्थ त्या दिवशी कुणी विचारला नव्हता.

अक्का नवऱ्याकडं बघत होती, आणि ते बघणं दाजींना माझ्या बोलण्यापेक्षा जड जाणार आहे हे मला दिसलं.

आरती उठली. डोळे भरलेले, पण हसत होती. "मामा," ती म्हणाली, "माजं राहिलंय."

मला एकदम समजलं नाही. तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि दारात जाऊन उभी राहिली.

मग मी म्हटलं. "आजवर लोकांच्या भाच्यांना बोलावलं. आज माझी भाची आणायला मी स्वतः खाली उतरतोय. वाट द्या."

अख्खी खोली उठून उभी राहिली. दाजीसुद्धा पलंगाला धरून उठले.

मी आरतीला हाताला धरून आत आणलं आणि अक्काशेजारी बसवलं. मग दाजींच्या पुढ्यात खुर्ची ओढली, शहाळं मांडीवर घेतलं आणि नळी तोंडात धरली. दाजी बघत होते. मी सावकाश प्यायलो. तळाशी आलं तेव्हा थांबलो नाही, घर्र आवाज येईपर्यंत ओढलं, आणि मग पुन्हा एकदा ओढलं.